सातारा ते सावंतवाडी: लहान संग्रहालयं आणि आडवाटेच्या जागा, चार दिवसांत काय काय बघावं?

रानजाई

नमस्कार. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्हाला चार दिवस मोकळे मिळताहेत. पुण्याहून गाडीने निघून सातारा, औंध, मिरज, कोल्हापूर करत सावंतवाडी गाठायची आणि पाचव्या दिवशी परतायचं असा बेत आहे. सोबत नवरा, पाचवीतली लेक आणि माझे बाबा. बाबा ७४ वर्षांचे. विट्याजवळच्या खेड्यात वाढले, पुढे पुण्यात एका कारखान्यात ३८ वर्षं टर्नर होते. चालतात चांगले, पण गुडघे धरतात, म्हणून गड-किल्ले नकोत.

आम्हाला लहान संग्रहालयं बघायची आहेत, आणि त्यामागे कारण आहे. मागे लेकीला राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं होतं. अडकित्त्यांच्या कपाटासमोरून ती हलेना. घोड्याच्या आकाराचा, मोराच्या आकाराचा, बाईच्या आकाराचा, प्रत्येकात सुपारी कुठे धरायची ते शोधत बसली. बाहेर पडताना तिने विचारलं, ‘राजा कोण?’ केळकरांचा बालपणीच गेलेला मुलगा, आणि त्याच्या नावाने वडिलांनी २० हजारांवर वस्तू गावोगाव फिरून जमवल्या, १९७५ साली सगळं शासनाच्या हवाली केलं, हे सांगितलं तेव्हा ती पुन्हा आत जाऊन त्यांचा फोटो बघून आली. तेव्हापासून कुठेही गेलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे कुणी जमवलं?

तर अशा जागा सुचवा. संग्रहालयच हवं असं नाही. एखादी विहीर, कारागिराची गल्ली, काहीही चालेल. फक्त घाई करायची नाही, दिवसाला दोनच ठिकाणं.

घाटवाट

सर्वांत आधी वार बघा. शासनाची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि सार्वजनिक सुट्टीचंही फोन करून विचारावं लागतं. आम्ही एकदा १२० किलोमीटर जाऊन कुलूप बघून आलो आहोत. सोमवार प्रवासाला किंवा उघड्यावरच्या जागांना ठेवा.

पहिल्या दिवशी साताऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून लिंब गाव. तिथली बारा मोटेची विहीर. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. ११० फूट खोल, ५० फूट रुंद, आणि विहिरीच्या आत चक्क महाल. जिना उतरून गेलं की कमानी, कमानींवर शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) कोरलेले, आणि वरच्या मजल्यावर खांबांचा दिवाणखाना. बाबांना अर्ध्यापर्यंत सहज उतरता येईल, पायऱ्या रुंद आहेत. सकाळी लवकर जा, दुपारी सहली येतात. शेवाळ असेल तर खालच्या पायऱ्यांवर जाऊ नका.

माणदेशी

औंधला किमान अर्धा दिवस द्या. हे कळकळीने सांगतो.

भवानी चित्रसंग्रहालय यमाईच्या डोंगराच्या मध्यावर आहे, गाडी वर जाते. १९३८ साली राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते उभारलं. संस्थान केवढं? ७२ गावांचं. आणि त्या ७२ गावांच्या राजाने राजा रविवर्म्याची चित्रं, धुरंधरांची चित्रं, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रती, हस्तिदंताची, चंदनाची कामं एवढ्या लहान गावात आणून ठेवली. स्वतः चांगले चित्रकार होते. सूर्यनमस्कार घरोघर पोचवणारे ते हेच. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर औंधला फार मोठं आहे.

ज्या साली संग्रहालय उघडलं त्याच साली त्यांनी राज्य प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने घटना झाली. त्यात मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनीअर होता, राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली तीही याच संस्थानात. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला याच प्रयोगावरून कथा मिळाली. आमच्या माणदेशात पाऊस कमी, पण माणसं अशी होती.

एक गोष्ट चुकवू नका. आत हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्प आहे. मूर्ती लहान आहे, लोक रविवर्मा शोधत पुढे निघून जातात. थांबा तिथे.

बाबा टर्नर होते म्हणालात. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली ती या संस्थानच्याच जमिनीवर. बेळगावहून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बाळासाहेबांनी माळरान दिलं. त्यांना हे ठाऊक असेलच.

टोरंटोकर

माणदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून मी खुर्चीतून उठलो. इथे टोरंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमध्ये हेन्री मूरचं स्वतंत्र दालन आहे. त्याने स्वतः शेकडो कामं या गॅलरीला दिली. मी दर हिवाळ्यात मुलांना घेऊन तिथे जातो. माझं आजोळ रहिमतपूर! औंधला लहानपणी यमाईच्या यात्रेला दहा वेळा तरी गेलो असेन, आणि ते शिल्प मी कधी पाहिलंच नाही. पुढच्या वेळी पोरांना दाखवणार. रानजाई, परत आल्यावर जरूर लिहा.

तंबोरा

मिरज. दर्ग्याच्या आसपासच्या पेठेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या कार्यशाळा आहेत. तिकीट नाही, काचेचं कपाट नाही. दारात उभं राहून ‘बघू का?’ विचारायचं. काम फार अंगावर नसेल तर बसवून घेतात.

या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. शस्त्रांचं काम आटत गेलं तसं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी मिरजेत तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या. तीच विद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू, जाड पाठीचा. दांडीला तुणाचं लाकूड.

तुम्हाला बघायला मिळालं तर जवारी काढताना बघा. घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पृष्ठभागाला कानसेने किंचित उतार देतात, तार लावतात, ऐकतात, पुन्हा काढतात. मग तारेखालून दोरा सरकवतात आणि एका ठिकाणी आवाज उघडतो. ते ठिकाण मोजून सापडत नाही, कानानेच सापडतं. एका तंबोऱ्यामागे कारागीर किती वेळा मान तिरकी करून ऐकतो ते मी एकदा मोजायला लागलो होतो, पन्नासानंतर सोडून दिलं.

दर्ग्यातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब १९३७ साली गेले, आणि उरुसात अजूनही तिथे गाणं होतं. दोन मिनिटं बसा.

विनंती एकच. वाद्य घ्यायचं नसेल तर भावाची चौकशी करू नका, आणि अर्धवट सतार हातात मागू नका.

पंचगंगा

मिरजेहून कोल्हापूरला येताना सरळ रस्ता सोडा. नरसोबाची वाडी, कुरुंदवाड करत खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या देवळाला स्वर्गमंडप आहे: ४८ खांब आणि वर छताऐवजी गोल मोकळं आकाश. बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा. बाहेरून हत्तींची रांग, प्रत्येक हत्तीचे अलंकार निराळे. देवळात नंदी नाही, तो इथून काही कोसांवर यडूरला, कर्नाटकात. वाडीत बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या.

कोल्हापुरात कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय बाबांना आवडेल. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, सगळे माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांत, शेतात, घरात, पारावर. मुलांना तर फारच आवडतं.

अडकित्ता

कणेरीबद्दल माझं मत वेगळं आहे. मेहनत मोठी आहे, मान्य. पण ते सिमेंटचं गाव आहे, आणि गावातलं दुःख त्यात कुठे दिसत नाही. दुष्काळ नाही, शिवाशिव नाही, सावकार नाही. सगळे हसतमुख. मुलांना दाखवाच, पण सोबत हेही सांगा.

त्यापेक्षा टाउन हॉलमधलं कोल्हापूर वस्तुसंग्रहालय मी आधी सांगेन. इमारत १८७० च्या दशकातली, नव्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्या मेजर मँट यांनीच आखलेली. आत शोधायचा तो पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन काळातली मूर्ती, काशाची, वीतभरही उंच नाही. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडला. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठून निघालेली वस्तू सह्याद्री चढून इथे आली. कोणत्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आली असेल, याचा विचार करत मी त्या कपाटापुढे नेहमी रेंगाळतो.

आणि राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. सिनेमातले नट म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण रंगाची पूड बोटांनी कागदावर घासून त्यांनी काढलेली निसर्गचित्रं बघा. स्वतःचं राहतं घर चित्रांसकट त्यांनी शासनाला दिलं.

पंचगंगा

अडकित्ता, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मीही तो मुलांशी बोलते. पण माझ्या सासूबाईंनी त्याच सिमेंटच्या गावात घाण्यापुढे उभं राहून स्वतःच्या माहेरचं दोन तास सांगितलं, त्यात दुष्काळही आला, सावकारही आला. पुतळे हसत असले तरी बघणारा माणूस आपली गोष्ट घेऊनच जातो. म्हणून मी म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला सांगते.

लाल_माती

शेवटचा दिवस आमच्याकडे. कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाच्या कलांचं छोटं संग्रहालय आहे, परशुराम गंगावणे यांनी घराजवळच्या गोठ्यात सुरू केलेलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या. आधी फोन केलात तर एखादा प्रसंग करून दाखवतात. चित्रकथी म्हणजे चित्रांची पानं एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गात सांगायची. त्यातला डोळा बघा, केवढा मोठा आणि किती जागा!

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा. गोल पत्ते, दशावतारी जोडात १२० असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. ही कला जवळजवळ बुडाली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. दरबार हॉलमध्ये कारागीर काम करताना दिसतात.

बालाघाट

तुमच्या वाटेवर नाही, पण लेकीच्या प्रश्नासाठी सांगतो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. रोमशी व्यापार करणारं गाव. तिथे पावसानंतर शेतात मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर यायच्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर जमवल्या आणि पुढे शासनाला दिल्या. आज त्यांच्याच नावाचं संग्रहालय आहे. तेरला मिळालेली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत सापडलेल्या मूर्तीची बहीण वाटते. अडकित्ता यांचा पोसायडन तिकडून इकडे आला, आणि हस्तिदंत इकडून तिकडे गेलं! गोरोबाकाकांचं गाव हेच.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुद्रित करून गाडीत ठेवते आहे. आल्यावर लिहीन.

रानजाई (तीन आठवड्यांनी)

आलो. शब्द दिल्याप्रमाणे लिहिते, जरा लांबेल.

लिंबची विहीर. मला वाटलं होतं बाबा वरच थांबतील. ते थांबले, पण वेगळ्याच कारणाने. काठावर मोटा बसवायच्या बारा जागा अजून आहेत, तिथे ते वाकून दगडावरच्या खुणा बघत होते. मग लेकीला बोलावून त्यांनी जमिनीवर काडीने आकृती काढली. हे चाक, हा नाडा म्हणजे जाड दोर, हा खालचा बारीक दोर म्हणजे सोंदूर, ही बैलांची उतरती वाट म्हणजे धाव, बैल उताराने खाली जातात तशी मोट वर येते, आणि सोंदूर ओढला गेला की मोटेची सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, पडते. बारा-तेरा वर्षांचे असेपर्यंत बाबांनी मोट हाकली होती. मी त्यांची मुलगी, ४३ वर्षांची, मला हे आजवर माहीत नव्हतं. मला ते लेथवरचे बाबाच माहीत. ‘बारा मोटा म्हणजे चोवीस बैल,’ लेक म्हणाली. बाबा म्हणाले, ‘आणि बारा माणसं. सगळ्यांचे बैल एका चालीत नसतात. एवढ्या कुरकुरीत झोप कुणाला आली असेल?’ दिवाणखान्यात त्यांना हात धरून नेलं. वाऱ्याची झुळूक पाण्यावरून वर येते. तिथे बसूनच आम्ही डबा खाल्ला आणि एकही कण मागे ठेवला नाही.

औंधला दुपारी पोचलो, दुसऱ्या सकाळी पुन्हा गेलो. माणदेशी, तुम्ही सांगितलं नसतं तर मूरसमोरून आम्हीही निघून गेलो असतो. आईचा हात आणि मुलाचं अंग वेगळं कुठे होतं ते लेक शोधत राहिली. टोरंटोकर, तुमच्या मुलांसाठी तिने वहीत त्याचं चित्र काढलंय. किर्लोस्करवाडीचं बाबांना ठाऊक होतंच. त्यांच्या वडिलांकडे किर्लोस्करी लोखंडी नांगर होता आणि त्याचा फाळ अजून गावच्या घरात आहे, हे मात्र आम्हाला नवीन.

पुढच्या वाटेवर एका संग्रहालयात मन फार खट्टू झालं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसाचा दोष नव्हता. दोन दालनांचे दिवे गेलेले. जुनी शस्त्रं अंधारात, पाट्यांवरची अक्षरं उडालेली, एका पाटीखाली भलतीच वस्तू. एकच कर्मचारी, तिकीट तोच देणार, कुलूप तोच उघडणार. त्याने स्वतःच्या मोबाइलचा उजेड धरून आम्हाला दोन्ही दालनं दाखवली आणि प्रत्येक वस्तूपाशी थांबून सांगितलं. अभिप्राय वहीत शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. आम्ही चौघांनी वेगवेगळं लिहिलं, आणि दिव्यांबद्दल सविस्तर अर्ज आता टपालाने पाठवला आहे. त्या वस्तू कुणीतरी जिवापाड जपून इथवर आणल्या. त्या अंधारात राहिल्या तर मला ते सहन होत नाही.

मिरज. तंबोरा, तुमच्या सूचना पाळल्या. एका वयस्कर कारागिरांनी बसायला पाट दिला. ते जवारी काढत होते. बाबांनी वीस मिनिटं एक अक्षर उच्चारलं नाही, मग विचारलं, ‘कानस किती नंबरची?’ पुढचा तासभर आम्ही तिघं तिथे नसल्यासारखेच होतो. दोघांचं बोलणं फक्त हत्यारांवर. बाबा म्हणाले, आम्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक मायक्रोमीटरवर पकडायचो. ते म्हणाले, आमचा मायक्रोमीटर हा, आणि कानाला बोट लावलं. निघताना त्यांनी लेकीला तयार तंबोरा छेडू दिला. तिने भोपळ्याला गाल लावून ऐकला. करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी बसलो तेव्हाही ती गालाला हात लावून होती.

खिद्रापूरबद्दल जास्त लिहीत नाही. शिळेवर उभं राहून वर बघितलं आणि चौघंही गप्प झालो. कोल्हापुरात वेळ कमी पडला. कणेरी राहिलंच, त्यामुळे पंचगंगा आणि अडकित्ता यांच्यात निवाडा करता येत नाही. पोसायडन मात्र शोधला. लेकीने त्याच्याकडे बघून विचारलं, ‘याला पोहता येत असेल, पण घाट कसा चढला?’ मांडऱ्यांच्या चित्रांत एक झाडांमागचा उजेड आहे, तो बोटाने कसा आणला असेल याचा प्रयोग घरी रांगोळीच्या रंगांनी चालू आहे.

पिंगुळीत आम्ही पाचच प्रेक्षक होतो, एक शेजारचा मुलगा धरून. तरी पूर्ण प्रसंग गाऊन दाखवला. दिवा, पडदा, मागून हलणारी चामड्याची सीता. लेकीने नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर मिळालं की जमवलं कुणी नाही, घरातच होतं, टाकून दिलं नाही इतकंच.

तंबोरा

कानस किती नंबरची! रानजाई, हे वाचून डोळे भरले. बाबांना नमस्कार सांगा. पुन्हा मिरजेत येणार असाल तर कळवा, मी त्यांना तून चिरणाऱ्याकडे नेईन.

माणदेशी

तो नांगराचा फाळ भंगारात जाऊ देऊ नका. गावी गेलात की आधी त्याला तेल लावा. आणि मोटेबद्दल बाबा जे बोलले ते ध्वनिमुद्रित करा. सोंदूर, थारोळं, धाव हे शब्द बोलणारी माणसं आता आमच्याकडेही मोजकीच उरली आहेत.

टोरंटोकर

चित्राचा फोटो टाका ना. मुलं रोज विचारताहेत.

रानजाई

टाकते उद्या. माणदेशी, फाळ पुण्याला आणलाय. बाबांनी गंज काढून तेल लावलं. लेकीने पुठ्ठ्यावर पाटी केली: वस्तू, साल, कुणाकडून. सालाच्या जागी बाबा अजून आठवताहेत.

बालाघाट, जानेवारीत तेरचं ठरवतोय. सोलापूरहून जवळ पडेल का?

बालाघाट

सोलापूरला मुक्काम करा. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक त्यांच्या घरातच आहे, १९३८ मध्ये चीनला गेलेले आणि १९४२ साली तिथेच वारलेले आपले कोटणीस. दुसऱ्या दिवशी सकाळी नळदुर्ग. किल्ला आहे, पण पाणीमहालापर्यंत बरंचसं सपाट चालणं आहे, बाबांना जमेल. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात तो महाल बांधलाय. पाऊस भरपूर झाला की नर-मादी धबधबे त्याच्यावरून कोसळतात, जानेवारीत ते नसतील. मग तेर. सोमवार टाळा. मी बार्शीहून येतो, दुपारी तेरला भेटू, जेवण माझ्या मावशीकडे.